खलबत्त्यातली पपई

पुण्यातल्या हॉटेलात वेटर विचारतो, ‘तिखट किती ठेवू?’ उत्तरं तीनच: कमी, मध्यम, झणझणीत. थायलंडात सोमतमच्या, म्हणजे कच्च्या पपईच्या कोशिंबिरीच्या, गाडीवर हाच प्रश्न आकड्यात विचारतात. मिरच्या किती? दोन, पाच, दहा. गिऱ्हाइकाने आकडा सांगायचा, गाडीवालीने तेवढ्या मिरच्या मोजून खलबत्त्यात टाकायच्या. नंतर तक्रारीला जागा नाही.

हे मला आमच्या टूलरूममधल्या सहकाऱ्याने सांगितलं. गाव अंबाजोगाईकडचं, राहायला भोसरीत, नोकरी चाकणला. डायच्या ट्रायलसाठी कंपनीने त्याला तीन महिने थायलंडातल्या रायोंगला पाठवलं होतं. परत आल्यावर तो आम्हा तिघांना वाकडच्या एका थाई हॉटेलात घेऊन गेला आणि ‘आज नेहमीचं मागवायचं नाही’ असं बजावलं. नेहमीचं म्हणजे ग्रीन करी, भात आणि पॅड थाई. मेनूकार्डात ‘रॉ पपाया सॅलड’ असं लिहून पुढे एक लाल मिरची छापली होती आणि खाली ‘जैन पर्याय उपलब्ध’. ताटली आली. कच्च्या पपईच्या काड्या, वर भाजलेले दाणे, लिंबाची फोड, चव आंबटगोड. आपल्या खमंग काकडीची चुलत बहीण म्हणावी अशी. आम्हाला आवडली. त्याने एक घास घेतला आणि काटा खाली ठेवला. ‘ही बँकॉकची. आमच्या लायनीवरची पोरं खायची ती ही नव्हे.’

मग त्याने वेटरला बोलावून विचारलं, आंबवलेली मासळी आणि खारवलेला खेकडा घालून करून मिळेल का? वेटर मणिपूरचा, विशीतला. त्याने आधी काउंटरकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, ‘सर, यहाँ कोई नहीं माँगता. वो वाला तो हम रूम पे खाते हैं.’

त्याच्या रूमवरचा पदार्थ म्हणजे सिंगजू. मणिपुरात कच्ची पपई, कोबी, कमळाचे देठ, जे हाताशी असेल ते बारीक चिरून त्यात मिरची आणि ‘ङारी’ म्हणजे आंबवलेली मासळी कालवतात. एसी हॉलमध्ये बँकॉकची गोड ताटली आणि ती वाढणाऱ्याच्या खोलीत तिची खरी भावंडं. ही गंमत माझ्या डोक्यातून जाईना. सोमतम नक्की कुणाची, आणि आपल्या टेबलावर येईपर्यंत तिच्यातलं काय काय गळून पडलं, याचा माग काढायला मी तिथून लागलो.

नावापासून सुरुवात करू. आपल्याला ‘सोम’ ऐकून वेद आठवतात आणि ‘तम’ ऐकून अंधार, पण दोन्हींचा इथे संबंध नाही. थाई भाषेत संस्कृत-पाली शब्द खच्चून भरलेत हे खरं. अन्नाला ते ‘आहान’ म्हणतात, तो आपला आहार. बँकॉकचा विमानतळ ‘सुवर्णभूमी’. पण हे शब्द राजवाड्याच्या आणि देवळाच्या वाटेने आले. सोमतम हा शेतावरच्या माणसांचा शब्द. सोम म्हणजे आंबट, तम म्हणजे कुटणं. आंबट कुटलेलं. क्रियापदावरूनच पदार्थाचं नाव पाडायची ही रीत आपल्याला परकी नाही. ठेचला तो ठेचा.

आता ताटलीतली पपई. ही ना थाई, ना भारतीय. मूळची मध्य अमेरिकेकडची. तिच्या प्रवासाबद्दल बोलणारा एक जुना साक्षीदार चक्क गोव्यात राहिलेला आहे. यान हॉयगेन व्हान लिन्शोटेन हा डच माणूस १५८३ पासून पाचेक वर्षं गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस होता. १५९६ मध्ये त्याने जे पुस्तक छापलं, त्याने पोर्तुगिजांची समुद्रावरची गुपितं युरोपभर फोडली. त्यात त्याने पपईची वाटही नोंदवून ठेवली: स्पॅनिशांच्या अमेरिकेतून फिलिपीन्सकडे, तिथून मलाक्का, आणि मलाक्काहून हिंदुस्थानात. म्हणजे पपई आपल्याकडे पश्चिमेकडून नाही, पूर्वेकडून आली. थाई लोक पपईला ‘मलाको’ म्हणतात, त्या नावात मलाक्काच आहे असं मानणारे बरेच आहेत.

त्या झाडाचं दोन्हीकडे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. तिकडे ती कच्चीच खाल्ली जाऊ लागली. आपल्याकडे पिकायची वाट पाहिली गेली. कच्च्या पपईशी मराठी घराचा संबंध तीन प्रसंगांपुरता: मटण लवकर शिजावं म्हणून लावायला, गर्भारशीला ‘हात लावू नको’ म्हणून सांगायला, आणि टुटीफ्रुटी. वाढदिवसाच्या केकमध्ये आणि लग्नाच्या आइस्क्रीमवर लाल-हिरवे चौकोनी तुकडे आपण वर्षानुवर्षं खातो, ते पाकात रंगवलेल्या कच्च्या पपईचेच असतात. तेव्हा ‘कच्ची पपई? ई!’ म्हणणाऱ्याने आपण ती लहानपणीच खाल्ली आहे हे लक्षात ठेवावं.

मिरचीचा प्रवास बहुधा उलट्या दिशेचा. पोर्तुगिजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये, मलाक्का १५११ मध्ये, आणि त्याच वर्षी त्यांचा वकील सयामच्या राजाकडे अयुत्थयेला पोचला. तिन्ही ठिकाणी जहाजं तीच, खलाशी तेच, आणि त्यांच्या पोत्यांत अमेरिकेहून आणलेली मिरची. जुन्या मुंबईत तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत, कुठून आली ते नावातच.

पण मला खरा चटका लावला तो शब्दांनी. मिरची येण्याआधी तिखट म्हणजे मिरी. नवं तिखट आलं तेव्हा मराठीने मिरीवरूनच त्याचं नाव पाडलं, मिरची. थाई माणसानेही तेच केलं आणि एक पाऊल पुढे गेला. मिरीचं ‘फ्रिक’ हे नाव त्याने पाहुणीला देऊन टाकलं आणि बिचाऱ्या जुन्या मिरीला ‘फ्रिक थाई’, म्हणजे ‘आपलं थाई तिखट’, असं म्हणायची वेळ आली. घरातल्या थोरल्या सुनेला ‘आपली ती’ म्हणून ओळख द्यावी लागावी तसं. सोमतममध्ये पडणारी बोटाच्या पेराएवढी मिरची म्हणजे ‘फ्रिक खी नू’, शब्दशः उंदराच्या लेंड्या. आपण आपल्या मिरचीला लवंगी म्हटलं. नाव ठेवण्यात आपण जास्त सभ्य, एवढाच फरक.

शेंगदाणे आणि टोमॅटो हेही अमेरिकेचेच, त्यांच्यावर वेळ घालवत नाही. लिंबू, गूळ, चवळीच्या लांब शेंगा हे सगळं आशियाचं. मग या पदार्थात त्यांचं स्वतःचं असं उरलं काय? खलबत्ता आणि वास.

खलबत्ता आधी. करीचं वाटण करायला थाई घरात दगडी खल असतो, जड. सोमतमला तो चालत नाही. तिला भाजलेल्या मातीचा खोल खल आणि लाकडी बत्ता लागतो, कारण पपईचा लगदा करायचा नसतो, तिला नुसतं चेचून रस आत मुरवायचा असतो. सहकाऱ्याने काढलेला व्हिडिओ मी दहादा पाहिला. बाई सोललेली अख्खी पपई डाव्या तळहातावर धरते आणि उजव्या हातातल्या सुऱ्याने तिच्यावर सपासप उभे घाव घालते. वाटतं आता बोटं जातील. मग वरचा थर तासते, की काड्या झरझर खाली पडतात. किसणी नाही, म्हणून एकही काडी दुसरीसारखी नाही. खलात आधी लसूण आणि मिरच्या, मग गूळ, मग शेंगा आणि टोमॅटो, शेवटी पपई. उजव्या हाताने कुटायचं, डाव्या हातातल्या चमच्याने खालचं वर करायचं. आवाज येतो पोक, पोक, पोक. काही परदेशी लोक या पदार्थाला त्या आवाजाच्याच नावाने ओळखतात. आपल्याकडे तवा तापवून मिरच्या-लसूण भाजायचे आणि त्याच तव्यावर तांब्याच्या बुडाने रगडायचे, त्याचा आवाज वेगळा, पण शेजाऱ्याला कळायचं ते कळतं.

आणि वास. तो प्ला-राचा, म्हणजे तिकडच्या आंबवलेल्या मासळीचा. तिची ओळख करून घ्यायची तर थायलंडच्या ईशान्येला जायला हवं. त्या भागाचं नावच ‘ईसान’, ईशान्य या दिशेवरून. हा शब्द मात्र आपला. खोरात पठाराची ही जमीन कोरडी आणि खारवट, पावसाच्या भरवशावरची. समुद्र लांब, त्यामुळे मीठ जमिनीतूनच काढायचं. पावसाळ्यात भातखाचरात आणि ओढ्यात जी काय लहान मासळी सापडेल ती त्या मिठात आणि तांदळाच्या कोंड्यात किंवा भाजलेल्या तांदळाच्या पिठात घालून मडक्यात दाबायची. सहा महिने, कधी वर्षभर. जे तयार होतं ते करड्या-तपकिरी रंगाचं, दाट, आणि वासाला असं की झाकण उघडलं की खोलीतली सगळी माणसं एकदम त्या दिशेला बघतात. उन्हाळ्यात भाताशेजारी दुसरं काही नसलं तर हे असतं. पदार्थ चैनीचा नाही, पोट भरायचा आहे. पलीकडे लाओसमध्येही हेच, तिथे सोमतमला ‘तम माक हुंग’ म्हणतात. खारवलेला खेकडाही भातखाचरातलाच. पहिल्या पावसात मावळातली माणसं बॅटरी घेऊन मुठे पकडायला निघतात, तशीच ती चीज.

बँकॉकच्या शिष्ट माणसांनी या वासावरून ईसानच्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या हिणवलं. आपण इथे नाकं मुरडायला नको. सोसायटीत कुणी सुकट भाजली की व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय चालतं ते आपल्याला माहीत आहे.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ‘सगळं खाऊन बघा’ म्हणणाऱ्यांची मला भीती वाटते. ईसानमध्ये गोड्या पाण्यातली मासळी कच्ची किंवा अर्धवट आंबवून खायची चाल आहे आणि त्यातून यकृतातला एक चपटा कृमी पोटात जातो. त्यामुळे होणाऱ्या पित्तनलिकेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या भागांत ईसान आहे. खोन केन विद्यापीठातले डॉक्टर वर्षानुवर्षं ‘नीट शिजवा, पुरतं मुरू द्या’ म्हणून गावोगाव सांगत फिरले. आता बाटलीबंद उकळलेली प्ला-रा मिळते आणि २०१८ मध्ये थाई सरकारने तिचं अधिकृत प्रमाणकही ठरवून दिलं. आजीच्या मडक्याला सरकारी मानक लागलं.

हा गावंढळ पदार्थ शहरात कसा शिरला, हे या मागाचं मला सगळ्यात जवळचं वाटलेलं पान. १९५८ मध्ये अमेरिकेच्या पैशाने आणि इंजिनिअरांनी बांधलेला ‘मित्रफाप’ म्हणजे मैत्रीचा महामार्ग सुरू झाला आणि ईसान बँकॉकला जोडलं गेलं. शेतीत भागेना म्हणून पोरं त्या रस्त्याने निघाली: बांधकामावर, गोदीत, टॅक्सीवर, पुढे कारखान्यांत. त्यांच्या मागोमाग त्यांच्या गावच्या बाया खल-बत्ता घेऊन आल्या. राचदमनोन मुष्टियुद्धाच्या स्टेडियमबाहेर सोमतम, भाजलेली कोंबडी आणि चिकट भात विकणाऱ्यांचे ठेले लागले, कारण लढायला आणि बघायला येणारे निम्मे ईसानचेच. शहरी गिऱ्हाईक फिरकू लागल्यावर त्याच्या जिभेसाठी प्ला-रा गेली, खेकडा गेला; त्यांच्या जागी सोडे, शेंगदाणे आणि जास्तीचा गूळ आला. हीच ‘सोमतम थाई’. वाकडला आमच्यापुढे आली ती हिची नात, सोडेही काढून घेतलेली.

आता हेच आपल्या पट्ट्यात बघा. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मागून टेल्को आणि बजाज. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून माणसं हलली. १९८२ मध्ये महापालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवड सव्वासतरा लाखांवर गेलं. बीड, लातूर, नांदेड, जळगाव, बुलढाणा. भोसरीच्या एका चाळीत पाच जिल्हे सापडायचे. फर्स्ट शिफ्टच्या बसमध्ये डबे उघडले की त्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा. तो ठेचा तेव्हा कुणाच्या मेनूकार्डात नव्हता. आज तो पनीरवर, पिझ्झावर, डोशात सगळीकडे आहे, पण तिखट निम्मं आणि तेल दुप्पट. सोमतमचं बँकॉकमध्ये जे झालं तेच.

थाई जेवण आपल्याकडे मात्र मजुराच्या पाठीवरून आलं नाही, लिफ्टने वरून खाली आलं. मुंबईत कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलात १९९३ मध्ये थाई पॅव्हिलियन उघडलं, शेफ आनंद सोलोमन यांच्या हाताखाली. पुण्यात १९९७ मध्ये कोरेगाव पार्कात मलाका स्पाइस आलं. लिन्शोटेनच्या पपईचं बंदर असं पुण्यात पाटीवर चढलं. २००२ च्या सुमारास थाई सरकारनेच ‘ग्लोबल थाई’ म्हणून मोहीम काढली, जगभर आपली हॉटेलं वाढावीत म्हणून. सरकारने निर्यातीला काढलेल्या जेवणात प्ला-राचा वास असणार नव्हता, हे ओघाने आलंच.

चाकण पट्ट्याची वाट जरा वेगळी. इथे थायलंड आधी कळलं ते दोन कारणांनी. एक, सिमेंट-टायरच्या डीलरांच्या पटाया सहली. त्यांनी तिथे काय खाल्लं विचाराल तर उत्तर ‘गुजराती थाळी’. दुसरं, मोटारी. जनरल मोटर्सचा एक कारखाना रायोंगला होता आणि एक तळेगावला, २००८ पासून. २०२० मध्ये दोन्हींवर एकदमच पडदा पडला, आणि दोन्ही घ्यायला पुढे आली तीच चिनी कंपनी, ग्रेट वॉल. रायोंग तिला मिळालं. तळेगावचा व्यवहार फिसकटला आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. रायोंगच्या लायनींवर ईसानची पोरं, तळेगावच्या लायनींवर विदर्भ-मराठवाड्याची. माझा सहकारी तिकडच्या कँटीनमध्ये तिसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर जाऊन बसला तो उगाच नाही. जेवण तिखट होतं, हाताने खायचं होतं आणि कुणी त्याला चमचा आणून दिला नाही. चिकट भाताची गोळी करायची, खलातल्या रसात बुडवायची, तोंडात टाकायची. भाकरीच्या तुकड्याचं काम भाताची गोळी करते.

‘अॅडव्हेंचरस फूड’ नावाचा जो प्रकार हल्ली बोकाळलाय, त्यात बँकॉकच्या रस्त्यावर नाकतोडा तोंडात धरून काढलेले फोटो असतात. त्या लोकांसाठी ते धाडस नाही, खाणं आहे. थायलंडात रातकिड्यांची सुमारे वीस हजार शेतं आहेत असं अन्न आणि कृषी संघटनेने २०१३ मध्ये नोंदवलं. लाल मुंग्यांची अंडी ईसानमध्ये उन्हाळ्याची मेजवानी. आणि ती खायला विमानात बसायची गरज नाही. भामरागडकडे माडिया लोकांत लाल मुंग्यांची चटणी होते, ओडिशाच्या सिमिलीपालच्या तशाच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गडचिरोलीच्या माणसाने मुंगी खाल्ली तर आपण ‘मागास’ म्हणतो आणि पटायात आपण खाल्ली तर ‘स्टोरी’ टाकतो. हा मला निव्वळ उद्धटपणा वाटतो.

त्या वेटरच्या रूमवर आम्ही गेलो नाही; त्याने बोलावलं नाही आणि आम्हीही लाज वाटून विचारलं नाही. पण पुढच्या शनिवारी सहकाऱ्याने चाकणच्या बाजारातून हिरव्या मिरच्या आणि शेंगा आणल्या, कच्ची पपई गावाकडच्या एकाकडून मागवली, आणि भोसरीत स्वतःच्या घरी सोमतम केली. प्ला-रा नव्हती. तिच्या जागी त्याने मूठभर सुकट भाजून घातली. मातीचा खलही नव्हता, आईचा लोखंडी खलबत्ता होता, म्हणून पपई अंमळ जास्तच चेचली गेली. मिरच्या सात, त्याने मोठ्याने मोजल्या.

आई ओट्याशी उभी राहून सगळं बघत होती. भाकरीच्या तुकड्यावर घेऊन तिने एक घास खाल्ला, सावकाश चावला.

‘लसूण कमी पडलाय. आन्‌ गूळ कशाला घातला रे?’